लांबच्या कोरल रीफवर स्नॉर्कलिंगला जायचंय? मग आधी वारा बघा, बोट नंतर

किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं, कमरेएवढ्या पाण्यात मास्क लावायचा, कंटाळा आला की बाहेर येऊन वाळूत बसायचं, असं स्नॉर्कलिंग (तोंडात नळी धरून पाण्यावर पालथं तरंगत खालचं बघणं) बऱ्याच जणांनी केलेलं असतं. रीफ, म्हणजे प्रवाळाने बांधलेली समुद्रातली भिंत, किनाऱ्यापासून लांब असली की मामला बदलतो. तिथे वाळू नसते, उभं राहायला जागा नसते, परत यायचं तर बोटीवरच, आणि बोट काही सगळ्यांचं झाल्याशिवाय हलत नाही. समुद्र खवळलेला असेल तर जाताना दोन तास, पाण्यात तास-दीड तास आणि येताना परत दोन तास तुम्ही त्याच्याच ताब्यात. म्हणून ह्या ट्रिपचं प्लॅनिंग जरा उलट्या क्रमाने करावं लागतं. लोक आधी रीफचं नाव ठरवतात, मग सुट्टीच्या तारखा, मग हॉटेल, मग बोट आणि हवामान बघतात आदल्या रात्री. माझं म्हणणं असं की आधी महिना बघा, मग वारा आणि भरती-ओहोटी, मग बोट, आणि नाव सगळ्यात शेवटी. कारण साधीशी रीफसुद्धा शांत नितळ पाण्यात मस्त दिसते आणि जगप्रसिद्ध रीफवर २० नॉटचा, म्हणजे ताशी ३७ किलोमीटरचा वारा सुटलेला असेल तर तुम्हाला फक्त बुडबुडे आणि शेजाऱ्याचे फिन्स (पायात घालायची वल्ही) दिसतात.

रीफ किती लांब आहे

प्रवाळाच्या रीफचे ढोबळ तीन प्रकार डार्विनने १८४२ साली मांडले ते अजून वापरात आहेत. किनाऱ्याला चिकटून असते ती फ्रिंजिंग रीफ, किनारा आणि रीफ ह्यांच्यामध्ये बऱ्यापैकी पाणी सोडून असते ती बॅरिअर रीफ, आणि मधलं बेट खचून खाली गेलं की उरतं ते गोलाकार कडं म्हणजे अ‍ॅटॉल. मालदीव, लक्षद्वीप हे अ‍ॅटॉलवाले. हे कशाला माहीत हवं, तर ह्यावरून तुमची ट्रिप अर्ध्या दिवसाची, अख्ख्या दिवसाची की चार रात्रींची ते ठरतं. हवाईत माऊई बेटाजवळ मोलोकिनी हे अर्धं बुडालेलं ज्वालामुखीचं तोंड आहे, ते किनाऱ्यापासून चारेक किलोमीटरवर, सकाळी जाऊन दुपारी परत. अमेरिकेतल्या फ्लोरिडा कीज बेटांची रीफ साधारण ८ ते १० किलोमीटर आत. ऑस्ट्रेलियाची ग्रेट बॅरिअर रीफ सुमारे २,३०० किलोमीटर लांब पसरलेली आहे, तिच्या बाहेरच्या कडेला केर्न्स शहराहून वेगवान कॅटामरानने (दोन सांगाड्यांच्या बोटीने) दीड-दोन तास लागतात, म्हणजे अख्खा दिवस गेला. आणि फिलिपिन्समधली टुब्बाताहा तर प्युर्टो प्रिन्सेसा शहरापासून सुमारे १५० किलोमीटरवर भर समुद्रात, तिथे मुक्कामाच्या बोटीशिवाय जाताच येत नाही आणि सीझनही मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतच.

पहिल्यांदाच जात असाल तर तासाभराच्या आतली रीफ निवडा. दोन तासांचा प्रवास करून पोचल्यावर आपल्याला बोट लागते हे कळलं तर पुढचा दिवस फार लांबतो. अजून एक, अशा बऱ्याच जागा संरक्षित असतात, कुठे आधी परमिट लागतं (लक्षद्वीपला लागतं), कुठे पार्कची फी वेगळी असते, कुठे रोज किती माणसं पाण्यात सोडायची त्यावर मर्यादा असते. हे बोटवाला करून देतो का तुम्हालाच करायचंय ते आधीच विचारून ठेवा.

महिना

पावसाळा आणि वादळाचा सीझन टाळायचा एवढं सगळ्यांनाच कळतं. कॅरिबियनच्या बाजूला चक्रीवादळांचा सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर धरतात. मालदीवमध्ये साधारण डिसेंबर ते एप्रिल कोरडा आणि नितळ काळ. पण सगळ्यात नितळ पाणी म्हणजेच सगळ्यात चांगला महिना असं काही नाही. मालदीवच्याच बा अ‍ॅटॉलमध्ये हनिफारू बे म्हणून जागा आहे, तिथे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या काळात प्लँक्टन (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) गोळा होतं, पाणी गढूळ दिसतं आणि तेच खायला मांटा रे (पंख पसरल्यासारखे दिसणारे मोठे चपटे मासे) मोठ्या संख्येने येतात, आणि गंमत म्हणजे तिथे स्कूबाला (पाठीवर हवेची टाकी लावून पाण्याखाली जायला) बंदी आहे, फक्त स्नॉर्कलिंग चालतं. त्यामुळे आपल्याला प्रवाळ बघायचंय का मोठे मासे, हे आधी ठरवा.

प्रत्येक जागेची स्वतःची एक भानगड असते. ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागात नोव्हेंबर ते मे बॉक्स जेलीफिश आणि इरुकांजी (हाही एक छोटा विषारी जेलीफिशच) ह्यांचा काळ, तेव्हा अंगभर लायक्राचा सूट घालूनच उतरतात, आणि ज्या महिन्यांत जेलीफिश कमी त्या महिन्यांत आग्नेयेचा वारा जोरात वाहतो, म्हणजे काहीतरी सोसावं लागणारच. लाल समुद्राच्या उत्तर भागात हिवाळ्यात पाणी २२ अंशांपर्यंत उतरतं, पातळ टीशर्टवर कुडकुडायला होतं.

आणि ब्लीचिंग. प्रवाळाचे जीव आपल्या अंगात सूक्ष्म शैवाल बाळगून असतात, रंग आणि बरंचसं अन्न त्याच्याकडूनच मिळतं. पाणी बरेच आठवडे नेहमीपेक्षा एखादा अंश जरी जास्त तापलं तरी हे शैवाल बाहेर टाकलं जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. एप्रिल २०२४ मध्ये चौथं जागतिक ब्लीचिंग जाहीर झालं होतं. समुद्र आणि हवामानावर काम करणाऱ्या अमेरिकेच्या नोआ संस्थेचा कोरल रीफ वॉच नावाचा फुकट नकाशा आहे, कुठल्या भागात पाणी किती तापलंय ते त्यात रंगांनी दाखवतात, बुकिंगच्या आधी त्यावर एक नजर टाका. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी सगळ्यात तापलेलं असतं हे लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

वारा, म्हणजे खरं प्लॅनिंग

विंडी किंवा विंडगुरूसारखं अ‍ॅप उघडा, रीफची जागा नकाशावर बरोबर शोधा (शहराची नको, रीफचीच) आणि वारा नॉटमध्ये बघा. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. १० नॉटच्या आत असेल तर उत्तम. १० ते १५ मध्ये रीफच्या आडोशाच्या बाजूला चालून जातं पण नवख्या माणसाच्या नळीत अधूनमधून पाणी जाणारच. १५ च्या वर गेलं की पोहता न येणाऱ्यांनी आणि लहान मुलांना घेऊन येणाऱ्यांनी दुसरा दिवस बघावा, आणि २० च्या वर असेल तर बोट जातेय म्हणून आपणही जायचं असं करू नका, मोठ्या बोटी जाऊ शकतात म्हणून जातात, पाण्यात मजा येईल अशी कोणी हमी देत नाही. तारखेच्या पाच-सहा दिवस आधीपासून रोज बघत राहा, सुरुवातीचे आकडे बदलतात, शेवटच्या दोन दिवसांतल्यावर भरवसा ठेवा.

नुसता जोर बघून भागत नाही, दिशा बघा. रीफ ही समुद्रात बांधलेल्या भिंतीसारखीच असते, वारा ज्या बाजूने येतो तिकडे लाटा फुटतात आणि मागच्या बाजूला पाणी शांत असतं. चांगला कॅप्टन वाऱ्याप्रमाणे जागा बदलतो. म्हणून ज्या ऑपरेटरकडे एकाच रीफची परवानगी आहे त्याच्यापेक्षा तीन-चार जागांमधून निवडता येणारा बरा.

लाटांचे दोन आकडे असतात, उंची आणि दोन लाटांमधलं अंतर सेकंदांत. लोक फक्त उंची बघतात. एक मीटर उंची आणि ५ सेकंद म्हणजे बोट सतत आपटत जाणार आणि अर्धे लोक ओकाऱ्या काढणार. एक मीटर आणि १२ सेकंद असेल तर बोटीवर काही वाटतसुद्धा नाही, संथ हेलकावा, पण तीच लाट उथळ रीफवर आली की उभी राहून फुटते, त्यामुळे अशा दिवशी रीफच्या माथ्यापासून लांब राहायचं.

सकाळची बोट घ्या. दिवसा जमीन तापली की समुद्रावरून वारा सुटतो आणि दुपारनंतर पाणी खडबडीत होतं, हे बहुतेक उष्ण किनाऱ्यांवर खरं आहे. मोलोकिनीच्या बोटी पहाटे-सकाळी निघतात त्याचं कारण हेच, दुपारपर्यंत तिथे व्यापारी वारे जोर धरतात.

आणि मुक्काम पाच दिवसांचा असेल तर बोट शेवटच्या दिवशी बुक करू नका. पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी करा, म्हणजे वाऱ्यामुळे रद्द झालीच तर पुढे ढकलायला जागा राहते.

उधाण आणि भांग

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती, अष्टमीच्या आसपास भांगाची, हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको. उधाणाच्या दिवसांत पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं, म्हणजे तेवढ्याच सहा तासांत जास्त पाण्याची ये-जा, म्हणजे ओढ जास्त. नवख्यांनी जमलं तर भांगाचे दिवस पकडावेत. अर्थात हे जागेवर अवलंबून आहे, कॅरिबियनमध्ये बहुतेक ठिकाणी भरती-ओहोटीतला फरक अर्ध्या मीटरच्याही आत, तिथे फार डोकं लावायची गरज नाही. उलट ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला किंबर्लीकडे फरक १० मीटरपर्यंत जातो आणि ओहोटीला माँटगोमरी रीफ पाण्यातून वर येते, तिच्यावरून पाण्याचे धबधबे वाहतात, बघायला अफाट आहे पण स्नॉर्कलिंगची जागा नाही.

अ‍ॅटॉल किंवा बॅरिअर रीफवर सगळ्यात लक्ष द्यायची जागा म्हणजे रीफमधली खिंड, जिथून लगूनचं (रीफच्या आतल्या शांत भागातलं) पाणी बाहेर जातं आणि बाहेरचं आत येतं. मालदीवमध्ये तिला कंडू म्हणतात. ओहोटी चालू असताना लगूनचं सगळं पाणी त्या चिंचोळ्या जागेतून खुल्या समुद्राकडे धावत असतं, तिच्या तोंडाशी पोचलात तर कितीही चांगले पोहणारे असा, उलटं पोहून परत येणं जमत नाही. भरती चढत असताना तीच खिंड बाहेरचं नितळ पाणी आत आणते. म्हणून सोपा हिशोब असा, भरती चढायच्या शेवटच्या तास-दोन तासांत आणि ती पूर्ण भरून पाणी थांबतं त्या वेळात पाण्यात असावं. पाणी स्वच्छ, ओढ कमी, आणि उथळ रीफवरून जाताना पोट प्रवाळाला घासत नाही. ओहोटीला रीफच्या सपाट भागावर जेमतेम गुडघाभर पाणी उरतं, तिथे अडकलात तर उभं राहण्यावाचून पर्याय नसतो आणि उभं राहिलं की पायाखाली जिवंत प्रवाळ.

बोटीची वेळ भरतीला जुळणारी आहे का हे विचारल्यावर समोरच्याने पटकन नीट उत्तर दिलं तर समजा माणूस कामाचा आहे.

बोटवाल्याला काय विचारायचं

सगळ्यात आधी हे विचारा की बोट मुख्यतः कोणासाठी आहे. स्कूबावाल्यांच्या बोटीवर उरलेल्या सीटा स्नॉर्कलरना देतात, आणि मग बोट थांबते ती डायव्हरच्या सोयीच्या जागी, जिथे रीफ १२-१५ मीटर खाली असते आणि वरून फक्त निळं दिसतं. स्नॉर्कलिंगला रीफचा माथा १ ते ५ मीटरवर पाहिजे, ऊन तिथेच सगळ्यात जास्त पोचतं, रंग तिथेच आणि मासेही तिथेच. रीफ उथळ आणि बाजूने उतरता कडा असेल तर सोन्याहून पिवळं.

दुसरं, पाण्यात गाइड उतरतो का, आणि तो उतरल्यावर डेकवरून लक्ष ठेवायला वेगळा माणूस असतो का. दोन्ही हवेत. पाण्यातल्या माणसाला वीस डोकी दिसत नाहीत, वरच्याला दिसतात. बोटीवर ऑक्सिजन आहे का, रेडिओ आहे का, शिडी कशी आहे, सावली आहे का, टॉयलेट आहे का, हे विचारायला लाजू नका.

तिसरं, माणसं मोजतात कशी. १९९८ साली ग्रेट बॅरिअर रीफवर डायव्हिंगला गेलेलं एक अमेरिकन जोडपं पाण्यातच राहिलं आणि बोट निघून गेली, दोन दिवसांनी कोणाच्या तरी लक्षात आलं की ते परतलेच नाहीत, ते कधीच सापडले नाहीत. त्यानंतर क्वीन्सलँडमध्ये (ग्रेट बॅरिअर रीफ ज्या राज्यालगत आहे तिथे) डोकी मोजण्याचे नियम कडक झाले. निघताना आणि प्रत्येक जागा सोडताना नाव घेऊन किंवा सही घेऊन मोजणारा क्रू असेल तर चांगलं, हवेत बोट फिरवून "सगळे आले ना?" विचारणारा असेल तर आपली माणसं आपणच मोजा.

चौथं, नांगर कुठे टाकतात. रीफवर नांगर टाकणं म्हणजे शेकडो वर्षांचं प्रवाळ एका झटक्यात मोडणं. कायमच्या बोयाला (तळाशी पक्का बांधलेला, पाण्यावर तरंगणारा गोळा) बोट बांधायची पद्धत फ्लोरिडातल्या 'की लार्गो' बेटावर सागरी जीवशास्त्रज्ञ जॉन हॅलास ह्यांनी १९८१ च्या सुमाराला बसवली आणि तिथून जगभर गेली, त्यामुळे आता बोया नाही हे कारण फारसं पटत नाही. बोयाला बांधतात किंवा वाळूत नांगर टाकतात असं उत्तर आलं पाहिजे.

वारा वाढला तर पैसे परत की तारीख बदलून, हे लेखी घ्या. आणि ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये स्नॉर्कलिंग आणि समुद्रातून हलवण्याचा खर्च धरलाय का तेही एकदा वाचा, बारीक अक्षरात असतं.

सामान

मास्क स्वतःचा असावा, बाकी सगळं भाड्याने चालेल. मास्क बसतो का ते बघायची रीत सोपी, पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा, पडला नाही तर तो तुमचा. महाग-स्वस्त ह्याच्याशी काही संबंध नाही. मिशा असतील तर वरच्या ओठाशी पाणी झिरपतं, थोडं व्हॅसलिन लावून भागतं, नाहीतर मिशा कमी करा, आता हा ज्याचा त्याचा प्रश्न. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो, साध्या टूथपेस्टने आतून दोन-तीनदा घासून धुवा, नाहीतर काही केल्या धुकं जात नाही. नंतर दर वेळी पाण्यात उतरण्याआधी थुंकी किंवा पातळ केलेला बेबी शाम्पू चोळून हलकं खंगाळायचं. चष्मा असेल तर नंबरचा मास्क मिळतो, बऱ्याच बोटींवरही ठेवतात, आधी नंबर कळवा.

पूर्ण चेहरा झाकणारे मास्क हल्ली खूप दिसतात. मला ते लांबच्या रीफसाठी पटत नाहीत. आत पाणी शिरलं किंवा घाबरायला झालं तर पटकन निघत नाहीत, तोंडातली नळी मात्र नुसती थुंकून टाकता येते. शिवाय आतल्या झडपा नीट नसतील तर सोडलेलाच श्वास परत आत घेतला जातो. नळी साधी घ्या, टोकाला लाट अडवणारी टोपी आणि खाली पाणी बाहेर टाकायची झडप असली की बास.

फिन्स पायात घट्ट पण अंगठा न दुखवणारे. फार लांब फिन्स नकोत, पोटऱ्यांत गोळे येतात. फुगवायचं स्नॉर्कल व्हेस्ट मोठ्या लाइफ जॅकेटपेक्षा बरं, तोंड पाण्यात ठेवून आडवं तरंगता येतं आणि दमलात की फुंकून फुगवता येतं. पोहता येत असलं तरी घाला. त्याला एक शिट्टी बांधा.

ऊन पाठीवर, मानेवर आणि मांड्यांच्या मागच्या बाजूला लागतं, कारण दीड तास तुम्ही पालथे असता आणि पाणी थंड असल्यामुळे भाजलेलं कळत नाही. अंगभर रॅश गार्ड (पोहायचा घट्ट शर्ट) आणि लेगिंग घाला, सनस्क्रीनची कटकटच कमी. उरलेल्या जागी लावायचं तर झिंक ऑक्साइडवालं घ्या. पलाऊ ह्या बेटांच्या देशात १ जानेवारी २०२० पासून आणि हवाईत १ जानेवारी २०२१ पासून ऑक्सीबेंझोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही प्रवाळाला घातक मानलेली रसायनं असलेली सनस्क्रीन विकायला बंदी आहे, त्यामुळे ट्यूबच्या मागचं वाचून मगच बॅगेत टाका. दुसरं कारण थंडीचं, पाणी अंगातली उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगाने ओढून घेतं, २७ अंशांच्या पाण्यातसुद्धा तासाभराने दात वाजतात.

तब्येत, आणि हे खरंच वाचा

स्नॉर्कलिंगमध्ये जीव जातात ते शार्कमुळे वगैरे जवळपास नाहीतच. बहुतेक वेळा हृदयाचा त्रास, दमछाक आणि घाबरणं हीच कारणं असतात. हवाईत ह्या मृत्यूंचा खास अभ्यास झाला, त्यात पुढे आलं की नळीतून श्वास ओढायला जास्त जोर लागत असेल आणि त्यात जोरात पोहणं चालू असेल तर फुप्फुसात द्रव साठायला लागू शकतो, समुद्राचं पाणी नाकातोंडात न जाताही. माणूस हातपाय आपटत नाही, ओरडत नाही, नुसता थकतो आणि गप्प होतो, म्हणून आजूबाजूच्यांना कळत नाही. त्यामुळे कारण नसताना धाप लागली, अंगातली ताकद गेल्यासारखं वाटलं, की नळी काढा, पाठीवर उलटे व्हा, हात हलवा आणि बोटीवर चढा. "थोडं थांबून बघू" असं करू नका. रक्तदाब, हृदय, दमा असं काही असेल किंवा वय साठच्या पुढे असेल तर डॉक्टरांना आधी विचारा आणि बोटीवरच्या फॉर्ममध्ये खरं लिहा, क्वीन्सलँडमध्ये अशा लोकांना वेगळ्या रंगाचा स्नॉर्कल किंवा व्हेस्ट देऊन जास्त लक्ष ठेवतात, त्यात कमीपणा काही नाही.

जायच्या आधी एखाद्या पूलमध्ये दोन-तीनदा सराव करा. मास्कमध्ये मुद्दाम पाणी घ्यायचं आणि वरची कड दाबून नाकाने फुंकून बाहेर काढायचं, नळीत पाणी घ्यायचं आणि एका जोरदार फुंकरीत उडवायचं, पाठीवर पाच मिनिटं निवांत पडून राहायचं. हे तीन जमलं की समुद्रात घाबरायला उरतंच काय.

बोट लागत असेल तर गोळी निघायच्या तासभर आधी घ्या, उलट्या सुरू झाल्यावर घेऊन पोटात टिकत नाही. काही गोळ्यांनी झोप येते, म्हणून घरी एकदा घेऊन बघा. बसायचं बोटीच्या मध्यावर किंवा मागे, पण डिझेलचा धूर येतो तिथे नको, नजर क्षितिजावर, मोबाईल बॅगेत. आदल्या रात्री दारू नको, रिकाम्या पोटीही नको.

पाण्यात

उतरल्यावर पहिली दोन मिनिटं कुठेही जाऊ नका. बोटीजवळ तरंगा, श्वास संथ होऊ द्या, लांब सोडायचा, लांब घ्यायचा. मग ओढ कुठून कुठे आहे ते बघा, समुद्रगवत किंवा समुद्रपंखे कुठे झुकलेत त्यावरून कळतं, आणि पहिला अर्धा वेळ ओढीच्या विरुद्ध जा, म्हणजे दमल्यावर पाणीच तुम्हाला बोटीकडे आणतं. लाथ कमरेतून, हळू, गुडघ्यातून सायकल मारल्यासारखी नको. दर मिनिटा-दोन मिनिटाला डोकं वर काढून बोट आणि जोडीदार दोन्ही बघा. जोडीदार म्हणजे हाक ऐकू येईल एवढ्या अंतरावरचा, बोटीवर झोपलेला नव्हे. ठीक असेल तर हात डोक्यावर टेकवून गोल करायचा, मदत हवी तर हात वर करून जोरात हलवायचा, पण जागोजागी खुणा थोड्या बदलतात म्हणून क्रू सांगतो ते ऐका.

खाली डुबकी मारणार असाल तर पहिल्या मीटरपासूनच नाक दाबून हलकं फुंकून कान मोकळे करा, दुखायची वाट बघू नका. आणि जास्त वेळ खाली राहता यावं म्हणून आधी भराभर खोल श्वास घ्यायचा प्रकार कोणी शिकवला तर ऐकू नका. त्याने कार्बन डायऑक्साइड कमी होतो, श्वास घ्यायची इच्छाच होत नाही आणि माणूस सूचना न मिळता वर येता येता बेशुद्ध होतो.

बघायचं कसं, हे कोणी सांगत नाही. लोक रीफवरून इकडून तिकडे नुसते धावतात. एका मोठ्या प्रवाळाच्या गोळ्यावर पाच मिनिटं तरंगत थांबा. आधी पळालेले मासे परत येतात. कुठेतरी छोटी निळी-काळी क्लीनर रॅस दिसेल, तिच्यापाशी मोठे मासे तोंड उघडून, कल्ले पसरून रांगेत उभे असतात आणि ती आत शिरून त्यांचे परजीवी खाते. कानावर सतत तडतड येते ती स्नॅपिंग श्रिंपची, आणि मधूनच कुरकुर ऐकू येते तो पॅरटफिश चोचीने रीफ कुरतडत असतो, ती खडी पोटात दळून तो वाळू करून मागे सोडतो, उष्ण कटिबंधातल्या बऱ्याच पांढऱ्या वाळूचं मूळ तेच. पाण्यात सगळं साधारण एक-तृतीयांश मोठं आणि जवळ दिसतं, त्यामुळे "एवढा मोठा शार्क" सांगताना जरा कमी करून सांगा. लाल रंग पहिल्या काही मीटरमध्येच मरतो, फोटो निळे येतात ते त्यामुळे, म्हणून ऊन डोक्यावर असताना आणि एक-दीड मीटरवरच्या गोष्टींचे फोटो काढा.

हात कशालाच लावायचा नाही. फांद्यांचं प्रवाळ वर्षाला दहा सेंटिमीटरपर्यंत वाढतं, गोळ्यासारखं जेमतेम एखादा सेंटिमीटर, तुमच्या फिनचा एक फटका म्हणजे कोणाचं तरी वीस वर्षांचं काम. आणि ते तुमच्याही भल्याचं आहे, फायर कोरलने कातडी भाजल्यासारखी होते, दगडासारखा पडलेला स्टोनफिश पायाखाली आला तर त्याचे काटे बुटातूनही जातात, शंकू आकाराचे सुंदर शंख उचलले तर आतला प्राणी विषारी टोचतो. टायटन ट्रिगरफिश नावाचा मासा घरट्यावर असेल तर अंगावर धावून येतो, त्याची हद्द खालून वर रुंद होत जाणाऱ्या शंकूसारखी असते म्हणून वर पळून उपयोग नाही, आडवं पोहत दूर जा. कासव दिसलं तर बाजूने पोहा, वरून अडवू नका, त्याला श्वास घ्यायला वर यावं लागतं. माशांना काही खायला घालू नका, बोटवाला पाव देत असला तरी. आणि मेलेल्या प्रवाळाचा तुकडासुद्धा आठवण म्हणून उचलू नका, दगडी प्रवाळ सायटीस करारात (धोक्यातल्या जीवांच्या व्यापारावर बंधनं घालणारा आंतरराष्ट्रीय करार) येतात, विमानतळावर उत्तरं देत बसावं लागतं.

पहिली फेरी ३० ते ४० मिनिटांची पुरे. थंडी वाजायच्या आधी बाहेर या, पाणी प्या, टॉवेल गुंडाळा, मग दुसरी. शिडीपाशी गर्दी करू नका, वरचा माणूस पूर्ण चढेपर्यंत त्याच्या खाली थांबू नका, तो पडला तर तुमच्यावर, आणि शिडी लाटेबरोबर वर-खाली आपटत असते म्हणून फिन्स शिडीला एक हात धरून मग काढायचे, आधी काढले तर ओढीत शिडीपर्यंत पोचायची पंचाईत.

परत आल्यावर कुठे खरचटलं असेल तर साध्या पाण्याने आणि साबणाने नीट घासून धुवा, प्रवाळाचे बारीक कण आत राहिले की जखम आठवडेच्या आठवडे चिघळते. स्टोनफिश किंवा लायनफिशचा काटा असेल तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या आतच, तो भाग बुडवून ठेवून दवाखाना गाठायचा. बॉक्स जेलीफिशला व्हिनेगर ओततात, पण सगळ्याच जेलीफिशला ते लागू पडत नाही, तेव्हा तिथल्या क्रूला विचारूनच. कानात पाणी राहिलं असेल तर मान कलती करून वाहू द्या, इअरबड घालू नका. मास्क गोड्या पाण्यात धुवून सावलीत वाळवा आणि डबीत ठेवा, बॅगेत फिन्सखाली दाबून ठेवला तर कड वाकते आणि पुढच्या वेळी तोच मास्क गळायला लागतो.